जमीन विकून आलेल्या पैशात दुसऱ्यांचा वाटा असतो का?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. कराचा सल्ला विचारत नाहीये, तो सीए देतोच आहे. प्रश्न वेगळा आहे आणि गेले काही महिने डोक्यातून जात नाही.

नाशिकच्या मखमलाबाद शिवारात आमची साडेचार एकर द्राक्षबाग होती. दिवाळीनंतर तिचं खरेदीखत झालं. आकडा लिहीत नाही, पण आजोबा आणि वडील या दोघांनी मिळून जन्मभरात जेवढा पैसा पाहिला नसेल, तेवढा आमच्या खात्यांवर आला. आम्ही दोन भाऊ, एक बहीण, तिघांचे वाटे सारखे. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्या असं सांगणारे दोघे-तिघे घरी येऊन गेले, आईनेच त्यांना चहा न देता परत पाठवलं.

आता या पैशाचं काय करायचं यावर घरात रोज बोलणं होतं. आईला सप्ताह बसवायचाय, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि अख्ख्या गावाला जेवण. तिची इच्छा मला मनापासून पटते. सप्ताहाच्या पंगतीत जमीनदार आणि मजूर एका ओळीत बसून जेवतात, आणि असं वर्षात दुसरं कुठे घडताना मी पाहिलेलं नाही. चुलते म्हणतात देवळाचा सभामंडप बांधा आणि आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावा. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ आहे. तो म्हणतो आपण कष्ट केले, कर्जं फेडली, गारपिटीत रडलो तेव्हा कुणी आलं नाही, आता आपण कुणाचं काही लागत नाही.

मला भावाचं पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो. बागेत जे पिकलं ते आमच्या कष्टाचं होतं, हे खरं. पण जमिनीला जो भाव आला तो आमच्या कष्टाचा नाही. १९८२ ला महापालिका झाली आणि गाव हद्दीत आलं. धरणाचं पाणी पाटाने आलं, ते धरण ज्यांच्या शेतांवर उभं राहिलं त्यांची शेतं गेली म्हणून आलं. मग रस्ते झाले, पलीकडे वसाहती झाल्या, शाळा-दवाखाने आले. हजारो माणसांनी नाशकात येऊन घरं केली, म्हणून आमच्या एकराला भाव आला. हीच साडेचार एकर काळी जमीन शहरापासून लांब, डोंगराळ पेठ तालुक्यात असती तर आम्ही आजही सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करत बसलो असतो. आम्ही तिथेच होतो, शहर चालत आमच्याकडे आलं. त्यात आमची हुशारी काय?

आणि त्याहून जवळची गोष्ट. बागेत पेठकडचं एक जोडपं अठरा वर्षं राहिलं, आम्ही त्यांना काका-मावशी म्हणतो. कोपऱ्यातल्या खोलीत, विहिरीला लागून. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडीबार छाटणी, शेंडे खुडणं, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळं त्यांच्या देखरेखीत व्हायचं. छाटणीच्या वेळी गावाकडची टोळीही तेच घेऊन यायचे. बागायतदारांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. कुठला डोळा राहिला ते कळावं यासाठी त्यात लाल रंग मिसळतात. ते औषध जहाल असतं. हातमोजा फाटला तर कातडी सोलून निघते. मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं नखांपाशी कायमची काळी पडली आहेत, आणि त्या बोटांनीच त्या घडातले मणी काढायच्या, इतक्या हलक्या हाताने की शेजारच्या मण्याला धक्का लागत नसे. आमचा माल निर्यातीला पास व्हायचा तो त्या बोटांमुळे.

जमीन विकली तेव्हा ते गावी गेले. काका जाताना एवढंच म्हणाले, ‘काही काम निघालं तर सांगा.’ त्यांना काय द्यायचं हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो महिन्याचा पगार वेळेवर दिला होता, हिशेब पुरा झाला.

तर विचारतो. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त आलंय त्याने दुसऱ्याला मदत करणं हे त्याच्या मर्जीवर आहे, की दुसऱ्याचं ते येणंच आहे? येणं असेल तर आधी कुणाचं आणि किती?

जेलरोड_जुना_कॅशियर

मी सहकारी बँकेतून निवृत्त आहे, तेव्हा आधी कायद्याचं सांगून मोकळा होतो. कायदा तुमच्याकडे काही मागत नाही. महापालिका हद्दीतली शेतजमीन म्हणजे कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा कर, लागला असेल, तो भरला की सरकारचा आणि तुमचा संबंध संपला. वारसा कर आपल्याकडे १९८५ ला गेला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये गेला. नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचं बंधन २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, पण ते मोठ्या कंपन्यांना, माणसाला नाही. देणगीवर ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सवलत मिळते, मात्र नवी कर पद्धत घेतली असेल तर तीही नाही, आणि दोन हजारांच्या वर रोख दिले तर जुन्या पद्धतीतही नाही. म्हणून सवलत बघून देणगी ठरवू नका.

आता ‘किती’. जुन्या लोकांनी याला आकडे घालून ठेवलेत, कारण आकडा नसला की माणूस उद्यावर ढकलतो. मुसलमानांत जकात, वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशावर अडीच टक्के. शिखांत दसवंद, कमाईचा दहावा हिस्सा. आणि विनोबा भूदानात सहावा हिस्सा मागायचे. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते घरोघर सांगत. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला शंभर एकर मिळाले तिथून ते सुरू झालं. माझे वडील त्या काळात पदयात्रेत चालले होते, त्यामुळे आमच्या घरात ‘सहावा’ हा शब्द अजून वापरात आहे. बोनस आला की आई विचारायची, सहावा काढला का?

भूदानाचं एक विसरू नका. पुष्कळांनी खडकाळ, वादातली, काही न पिकणारी जमीन दिली. कागदावर लाखो एकर दिसले आणि कसायला मिळाले त्यातले थोडेच. द्यायचं तर चांगल्यातलं द्यावं. उरलंसुरलं दिलं तर घेणाऱ्याला ते लगेच कळतं, तो बोलत नाही एवढंच.

सातपूर_दुसरी_पाळी

दादा, तुमच्या पेठच्या जोडप्यापुरतं बोलतो, कारण तिथे मला काही धूसर दिसत नाही.

मी सातपूरला कारखान्यात आहे, युनियनचं काम करतो. आमच्याकडे माणूस पाच वर्षं टिकला की ग्रॅच्युइटीचा हक्कदार होतो. दरवर्षाला पंधरा दिवसांचा पगार. १९७२ पासून हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मालकाच्या दयेचा प्रश्न येत नाही. पण तो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो, तुमच्या बागेतल्या दोन माणसांना लागत नाही. कायदा लागत नाही म्हणून त्यांची अठरा वर्षं कमी भरतात का?

समजा काकांचा शेवटचा पगार बारा हजार होता. बारा हजार गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले अठरा. होतात १,२४,६१५ रुपये. मावशींचे वेगळे काढायचे, कारण त्यांनी वेगळं काम केलंय. नवऱ्याच्या पगारात बायकोचं काम फुकट धरायची आपल्याकडे पद्धत आहे, ती तुम्ही तरी पाळू नका. शिवाय पीएफ. मालकाचा हिस्सा बारा टक्के, म्हणजे बारा हजारांवर महिन्याला १,४४०. अठरा वर्षांत पगार कमी-जास्त होत गेला असेल, तो धरून आणि व्याज लावून तुमच्या सीएला आकडा काढायला सांगा. त्याला अर्धा तास लागेल.

हे सगळं देऊन झाल्यावर तुम्ही शून्यावर येता. मदतीची गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते. आमच्या भागात मी असे मालक पाहिलेत की गणपतीला मंडळाला लाखाची पावती फाडतात आणि ठेकेदाराच्या पोरांना ओव्हरटाइम दुपटीऐवजी सिंगल रेटने देतात. त्या पावतीत त्या पोरांचे पैसे आहेत. तुमचं तसं होऊ नये म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

पिंपळगाव_थॉमसन

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो.

माझी सहा एकर बाग आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली तेव्हा माझ्या घडांतले मणी पाण्याच्या थेंबाएवढे होते. संध्याकाळपर्यंत काडीला पानही राहिलं नाही. त्या वर्षी औषधाच्या दुकानदाराने उधारी थांबवली, बँकेने हप्ता थांबवला नाही. नाशकातल्या एकाही सुखी माणसाला तेव्हा वाटलं नाही की आपलं काही कर्तव्य आहे. टीव्हीवर बघून हळहळले आणि बाजारात द्राक्षं महाग झाली म्हणून कुरकुरले. मग आज ज्याला चार पैसे मिळाले त्यालाच कर्तव्याचा धडा का?

दुसरं. शेतकरी जमीन विकतो तेव्हा तो हरलेला असतो, हे शहरातल्यांना कळत नाही. तो पैसा म्हणजे कमाई नाही, ते त्याच्या पुढच्या चार पिढ्यांचं साधन आहे, एकदाच मिळणारं. मी डोळ्यांनी पाहिलंय, जमीन विकून गाडी, बंगला, लग्नात हेलिकॉप्टर, आणि दहा वर्षांत तोच माणूस दुसऱ्याच्या प्लॉटवर वॉचमन. म्हणून तुमच्या भावाला स्वार्थी ठरवू नका, तो घाबरलाय आणि घाबरणं बरोबर आहे. आधी पैसा नीट लावा. सहा महिने एफडीत ठेवा आणि कुणालाही, देवालाही, शब्द देऊ नका.

आणि सक्तीने दिलेलं दान माझ्या लेखी दान नाही. मला वाटलं म्हणून मी देईन. तुमचा हक्क आहे म्हणून मागाल तर मी दार लावीन. सातपूरचे भाऊ म्हणतात ते मजुराच्या पैशाचं मात्र मान्य आहे, तो वेगळा विषय आहे.

घाटावरच्या_बाई

मी सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेत शिकवते. मदत जिथे येऊन पोचते त्या टोकाला मी उभी असते, म्हणून तिथून काय दिसतं ते लिहिते.

डिसेंबर-जानेवारीत शनिवार-रविवार नाशिकहून गाड्या येतात. ब्लँकेटं, वह्या, जुने कपडे, फरसाण. माणसं मनाने चांगली असतात, थंडीत घाट चढून येतात. पण मुलं सकाळी आंघोळ करून ओळीत बसतात आणि पाहुणे बारापर्यंत पोचत नाहीत. मग एकेकाला पुढे बोलावून ब्लँकेट देतानाचा फोटो. सातवी-आठवीच्या मुली त्या वेळी मान वर करत नाहीत. एका वर्षी एका मुलीला तीन संस्थांची तीन ब्लँकेटं मिळाली आणि त्याच जूनमध्ये तिचं शिक्षण थांबलं.

थांबलं ते कसं, ते सांगते. बारावी पास झाली, नर्सिंगला नंबर लागला. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती नंतर. प्रवेशाच्या वेळी अनामत भरायची, खोलीची डिपॉझिट, मेसचा पहिला महिना. जात पडताळणीचा कागद अडकलेला, त्यासाठी वडिलांनी मजुरी बुडवून नाशिकला खेपा घालायच्या. हे सगळं त्याच दोन-तीन आठवड्यांत, जेव्हा घरात भात लावणीसाठीही पैसा नसतो. त्या वेळी पंधरा-वीस हजार उभे राहिले असते तर ती आज वॉर्डात ड्युटी करत असती. ती द्राक्षाच्या टोळीबरोबर दिंडोरीला गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

सरकारी वसतिगृहं आहेत, तिथे जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांना राहण्या-जेवण्याचे पैसे देणाऱ्या स्वयंसारख्या योजनाही आहेत, त्या वाईट नाहीत. पण पैसा येण्याची तारीख आणि पैसा लागण्याची तारीख यांच्यामध्ये खड्डा आहे, आणि आमची मुलं त्या खड्ड्यात पडतात. तो खड्डा भरायला फार श्रीमंत माणूस लागत नाही, जूनमध्ये फोन उचलणारा माणूस लागतो.

नाशिकला हे नवं नाही, दादा. तुमच्या शहरातलं उदोजी मराठा बोर्डिंग आठवा. शाहू महाराजांनी मदत केली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी धान्य आणि वर्गणी दिली, आणि ज्यांच्या घरात कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं अशी पोरं तिथे राहून शिकली. गाडगेबाबांनी पंढरपूर-आळंदीसारखी नाशकातही धर्मशाळा बांधली, स्वतः मात्र झोपडीत राहिले आणि फुटक्या गाडग्यात जेवले. श्रीमंतांचा पैसा त्यांनी घेतला आणि मुक्कामाला जागा नसलेल्या माणसासाठी पक्की भिंत उभी केली. राहायची सोय ही फार मोठी मदत असते. आमच्या मुलींना नाशकात सुरक्षित खोली मिळाली की निम्मी लढाई तिथेच संपते.

पिंपळगावच्या दादांना एक विचारते. तुमच्यावर गारपीट झाली त्या आठवड्यात विरळणीला आलेल्या टोळीचं काय झालं? आमच्या गावातली ती माणसं होती. बाग गेली म्हणजे कामही गेलं, उचल अंगावर राहिली, आणि पंचनाम्यात त्यांचं नाव नव्हतं. तुमच्याकडे कुणी आलं नाही हे फार वाईट झालं. पण म्हणून खालच्या पायरीवरच्याकडेही कुणी जाऊ नये, हे मला पटत नाही.

मखमलाबादकर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार करून लिहितोय.

पिंपळगावच्या भाऊंचं एफडीचं म्हणणं आईने लगेच उचललं आणि धाकटा भाऊही त्यावर शांत झाला. माझ्या भावाला तुम्ही बरोबर ओळखलंत. तो घाबरलेला आहे हे माझ्या लक्षात येत नव्हतं.

पण मर्जीच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. गारपिटीत शहर तुमच्यासाठी धावून आलं नाही, याचा तुम्हाला राग येतो ना? तो राग येतो कारण तुमच्या मते त्यांनी यायला हवं होतं. फक्त मर्जीचीच गोष्ट असती तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, राग आला नसता. तुमच्याच लिहिण्यात मला माझं उत्तर दिसलं.

सातपूरच्या भाऊंचं सूत्र सीएला दिलं. दोघांचे वेगवेगळे आकडे काढायला सांगितलेत, पीएफच्या हिश्शासकट. ही रक्कम तिघांच्या वाट्यांतून सारखी जाईल, बहिणीने फोनवर विचारण्याआधीच हो म्हटलं. सहाव्याबद्दल मी फक्त माझ्या वाट्यापुरतं ठरवू शकतो. तो एफडीत वेगळा ठेवतोय आणि त्याचं व्याज जूनमध्ये हाताशी येईल अशी मुदत घेतोय. घाटावरच्या बाई, तुम्हाला खासगी निरोप पाठवलाय. फोटो नको, पाटी नको, मुलींनी मला ओळखायचीही गरज नाही. तुम्ही नाव सांगायचं, कॉलेजच्या खात्यात पैसे जातील. आईचा सप्ताह होईलच, तो तिच्या हौसेचा आणि श्रद्धेचा आहे, त्याला मी यात मोजत नाही.

काकांना काल फोन केला. पैशाचं सांगितलं तर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले बघू, आल्यावर बोलू. आणि मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट मागितली. बाग तोडल्यावर निघालेले वेलींच्या आधाराचे लोखंडी अँगल आणि तार अजून बांधावर पडून आहेत, भंगारवाला बघून गेलाय. ते त्यांना हवेत. गावाकडे त्यांची दीड एकर आहे, आजवर नागली आणि वरई. विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी टिकतं, तेवढ्यात कारलं निघतं म्हणतात. मी पेठला गाडी भरून पाठवतोय, भाडं अर्थातच आमचं. पण कारल्याचं मला काही कळत नाही. आमचे अँगल वायचे आहेत, म्हणजे इंग्रजी Y सारखे वर दोन हात असलेले. त्यावर कारलं होईल का, की कापून वेल्डिंग करावं लागेल?

पिंपळगाव_थॉमसन

माझं मत तुमच्यापाशी राहू द्या, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या टोळीच्या मुकादमाचा नंबर शोधतोय.

वायवर कारलं होतं. कापू नका, वेल्डिंगचा खर्च वाया जाईल. ओळी तशाच धरा, वरच्या दोन हातांवर तार ओढा आणि खाली जाळी किंवा सुतळी सोडा, वेल आपोआप चढतो. फक्त कडेच्या अँगलना ताण पक्का द्या. पेठकडे पावसात माती भुसभुशीत होते आणि वेलाचं ओझं आलं की पहिली ओळ आत झुकते. ताणाला दगड दोन फूट खाली गाडा, दीड फुटावर भागणार नाही. जुनी तार गंजली असेल तर तेवढी नवी घ्या. माझ्याकडे बारा गेजचं अर्धं बंडल पडून आहे, गाडी पिंपळगाववरून नेणार असाल तर टाकून देतो.

मखमलाबादकर

गाडी गुरुवारी सकाळी निघते. पिंपळगाव वाटेवर नाही, पण बुधवारी मी स्वतः येऊन तार घेऊन जातो.